गुरुवारची बैठक : कुसंगतीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या तरुणाला आशिष म्हणू. नाव बदलले आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि हे सगळे लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवले आहे. दोन जागी त्याने मला दुरुस्त केले. त्यातली एक दुरुस्ती माझ्याच चुकीची होती. ती पुढे येईल.

आशिष २६ वर्षांचा. ख्रिस्ती घरात वाढलेला, उपासनेत गिटार वाजवणारा, तरुणांच्या गटात नेमाने येणारा. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुणांबरोबर काही वर्षे बसतो-उठतो, एवढेच. ही मुले मला काका म्हणतात.

त्याची नोकरी विक्री विभागातली. सात जणांची टीम, दिवसभर ग्राहकांकडे फिरती आणि महिनाअखेरीला टार्गेटची टांगती तलवार. टीम लीडर त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. हा माणूस नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही. सुरुवातीला आशिषचे टार्गेट पूर्ण होत नव्हते, तेव्हा या लीडरने आपले दोन ग्राहक त्याच्याकडे वळते केले. आशिषच्या वडिलांना एकदा रात्री अचानक दवाखान्यात हलवावे लागले, तेव्हा गाडी घेऊन धावत आला तो हाच, आणि उजाडेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला तोही हाच. मंडळीतले आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो, प्रार्थना केली आणि निघालो.

कुसंगत म्हटले की आपल्या मनात एक ठरावीक चेहरा येतो. तो या प्रकरणात कुठेच नाही.

टीम दर गुरुवारी काम संपल्यावर एकत्र बसायची. दारू असायची, पण बैठक भरायची ती हसण्यासाठी. ग्राहकांच्या नकला, ऑफिसातल्या बायकांबद्दलचे बोलणे, आणि त्या दिवशी जो आला नसेल त्याची टर. आशिष आधी नुसता ऐकत असे. मग हसू लागला. मग एक दिवस त्यानेच एकाची नक्कल केली आणि सगळे टेबल हसले. "काका, त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी इथला आहे," असे तो मला नंतर म्हणाला.

अडचण

बाहेरून काहीच बदलले नव्हते. रविवारची उपासना चालू होती, गिटार चालू होती. आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा तेवढी सुटली, आणि तीही कामाच्या सबबीखाली. आम्हा कुणाच्या काही लक्षात आले नाही. लक्षात आले ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या. ती एकदा म्हणाली, "दादा, तू हल्ली सगळ्यांवरच हसतोस." त्याने तिला गप्प बसवले.

बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात तीन क्रियापदे येतात : चालणे, उभे राहणे, बसणे. दुर्जनांच्या सल्ल्याने चालायचे नाही, पाप्यांच्या वाटेत उभे राहायचे नाही आणि बसायचे नाही ते निंदा करणाऱ्यांच्या बैठकीत. मी हे स्तोत्र लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहे, तरी शेवटची बैठक दारुड्यांची नसून निंदकांची आहे, हे मला आशिषमुळे दिसले. बहिणीने नेमके तेच पकडले होते.

दुसरी गोष्ट पैशाची. फिरतीचा खर्च महिनाअखेरीला किलोमीटर लिहून मिळायचा. टीममध्ये जवळजवळ सगळेच किलोमीटर वाढवून लावत. यातली मेख अशी की दोघे-तिघे एकाच मार्गावर फिरत असल्याने आकडे एकमेकांशी जुळावे लागत. एकाने खरा आकडा लावला की बाकीचे उघडे पडणार. म्हणजे इथे खोटे बोलणे हा प्रत्येकाचा आपापला मामला राहिला नव्हता; एकमेकांना सांभाळून घेण्याला तिथे मैत्री म्हणत. पहिल्या महिन्यात आशिषने खरा आकडा लिहिला. लीडरने फॉर्म परत दिला आणि अगदी मायेने सांगितले, "अरे, आम्हाला कशाला अडकवतोस?" दवाखान्याची रात्र ताजी होती. आशिषने आकडा बदलला.

हे आठ महिने चालले. तो माझ्याकडे आला त्याचे कारण दारू नव्हते आणि किलोमीटरही नव्हते. टीममध्ये नवा मुलगा आला होता, पहिलीच नोकरी. त्याने फॉर्म कसा भरायचा हे आशिषला विचारले, आणि आशिषने शेजारी बसवून त्याला शिकवले : कुठे किती वाढवायचे, गोल आकडा का लिहायचा नाही, कुणाशी जुळवून घ्यायचे. मुलगा म्हणाला, "थँक यू दादा." त्या रात्री आशिषला झोप लागली नाही.

कुसंगतीपासून दूर कसे राहावे हे विचारायला तो माझ्याकडे आला होता. बोलता बोलता आम्हा दोघांनाही कळले की त्या मुलाची कुसंगत हाच होता.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

इथे माझी चूक येते. मी त्याला फार विचार न करता बायबलमधले प्रेषित पौलाचे वाक्य ऐकवले : "फसू नका, कुसंगतीने नीती बिघडते." आणि सांगितले, तो ग्रुप सोड, त्यांच्यात बसणे-उठणे बंद कर, मंडळीतल्या मुलांबरोबर राहा. सल्ला शास्त्रात बसणारा होता, देणाऱ्याला सोपा होता, आणि देऊन मी समाधानाने घरी गेलो.

आशिषने तो जसाच्या तसा पाळला. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, त्यात विश्वास, पवित्रता आणि अंधाराची कामे असे सगळे होते, आणि ग्रुप सोडला. दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसणेही सोडले. टीमने आठवडाभर त्या मेसेजची टिंगल केली. पण खरे नुकसान दुसरीकडे झाले. त्या सातांत एक सहकारी असा होता जो गुरुवारी कधी बसत नसे आणि आपले किलोमीटर खरे लावत असे. त्याचा मार्ग वेगळा असल्याने कुणी त्याला छेडत नसे. तो ख्रिस्ती नाही. आशिष त्याच्याशीही बोलेनासा झाला, कारण माझ्या सल्ल्यात "ते" आणि "आपण" एवढे दोनच कप्पे होते. त्या माणसाने एकदा विचारले, "माझं काय चुकलं?" आशिषकडे उत्तर नव्हते.

त्याच वेळी तो मंडळीतल्या तरुणांबरोबर जास्त राहू लागला. शुक्रवारची सभा संपल्यावर गाडीतून घरी जाताना तीच मुले काय करत होती? पाळकांच्या उपदेशाची नक्कल, गाणाऱ्या ताईंची टर, कुणाचे कुणाशी जमते आहे याच्या गप्पा. बाटली तेवढी नव्हती. आशिष म्हणाला, "काका, गुरुवारच्या टेबलावरून उठून मी शुक्रवारच्या टेबलावर बसलो."

तीन आठवडे त्याने तग धरला. चौथ्या गुरुवारी एकटेपणा असह्य होऊन तो परत गेला, नेहमीपेक्षा जास्त प्यायला, आणि महिनाअखेरीला फॉर्मवर पुन्हा वाढीव आकडा लिहिला.

यानंतर मी ते वचन पुन्हा उघडले, आणि या वेळी त्याच्या आगेमागचेही वाचले. पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेले पुन्हा जिवंत होण्यावर, आहे. मेलेल्यांचे पुनरुत्थान नाही असे म्हणणारे तुमच्यातच काही जण कसे, असे पौल १२व्या ओवीत विचारतो, आणि ३३व्या ओवीत कुसंगतीचा इशारा देतो. म्हणजे त्याचा रोख आधी मंडळीच्या आत आहे. (गंमत म्हणजे ती ओळ मेनांडर या ग्रीक नाटककाराची मानली जाते. बाहेरच्यांची संगत टाळा असे सांगायला आपण जे वाक्य वापरतो, ते पौलाने बाहेरूनच घेतलेले!) त्याच पत्राच्या ५व्या अध्यायात तर तो गैरसमज स्वतःच दूर करतो : अनैतिक लोकांशी संबंध ठेवू नका असे मी लिहिले ते या जगातल्या लोकांबद्दल नव्हे, तसे असते तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागले असते, स्वतःला बंधू म्हणवून तसे वागणाऱ्याबद्दल मी लिहिले. मी नेमके उलटे केले होते. बाहेरच्या दारावर पहारा बसवला आणि आतले दार सताड उघडे ठेवले.

पर्याय पुन्हा मांडले

दुसऱ्या खेपेला आम्ही घाई केली नाही. माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ पाळकही बसले.

नोकरी सोडावी का, हा पहिला प्रश्न. वडिलांच्या आजारपणात घर आशिषच्या पगारावर होते. पण पैसा हेच कारण असते तर आम्ही ते मान्य केले नसते. चुकीच्या कामाला पैसा हे उत्तर नव्हे. पाळकांनी विचारले, "काम खोटं आहे, की फॉर्म खोटा आहे?" विकायची वस्तू चांगली होती, ग्राहकाला फसवले जात नव्हते. खोटा फॉर्म होता. मग नोकरी सोडणे म्हणजे फॉर्मला तोंड न देता पळणे झाले असते. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात, जिथे धंदाच फसवणुकीवर उभा आहे, तिथे मी उलटे सांगेन.

दुसरा पर्याय गुपचूप सुधारण्याचा. कुणाला काही न सांगता यापुढे खरा आकडा लावायचा आणि प्रार्थनेत क्षमा मागायची. आशिषचा कल इकडे होता. पण आकडे जुळण्याच्या त्या मेखेमुळे हे गुपचूप होणे शक्यच नव्हते, आणि मागचे आठ महिने तसेच राहत होते.

तिसरा पर्याय वरिष्ठांकडे सगळ्या टीमची तक्रार करण्याचा. यावर आमच्यात खरा मतभेद झाला. माझे म्हणणे होते की चोरी माहीत असून गप्प बसणे म्हणजे तिच्यात वाटेकरी होणे. पाळक म्हणाले, स्वतः आठ महिने केलेल्या माणसाने आधी स्वतःचे निस्तरावे. कुणी सरळ विचारले तर खोटे बोलायचे नाही, पण इतरांच्या पापाची यादी घेऊन जाणे ही त्याची पहिली पायरी नाही. आशिषने पाळकांचे ऐकले. आजही मला वाटते की हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

राहिला तो मार्ग असा : नोकरीत राहायचे, माणसे तोडायची नाहीत, पण काही जागा आणि काही वेळा सोडायच्या, आणि पैशाचे उघडपणे नीट करायचे.

काय केले

आधी एक कागद. त्यावर माणसांची नावे लिहायची नाहीत, प्रसंग लिहायचे : कधी, कुठे, किती वाजता, त्या आधी दिवस कसा गेला होता, आणि नंतर मी काय केले. महिनाभराने कागद वाचला तेव्हा आशिष चकित झाला. दुपारच्या जेवणात एकदाही काही बिघडले नव्हते. ग्राहकांकडच्या एकत्र फेऱ्यांतही नाही. बिघडायचे ते चार जागी : गुरुवारी रात्री, रात्री दहानंतर फोनवर, महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत, आणि शुक्रवारी सभेनंतरच्या गाडीत. ज्या लीडरला टाळायचे म्हणून तो धडपडत होता, त्याच्याबरोबरचे दिवसाचे तास चांगले गेले होते.

मग प्रत्येक जागेचे वेगळे ठरवले. शास्त्रात दानीएल आहे आणि योसेफही आहे. दानीएल बाबेलच्या राजवाड्यात राहिला, त्यांची भाषा आणि विद्या शिकला, नवे नावही त्याला मिळाले. राजाच्या अन्नाने विटाळायचे नाही एवढे त्याने मनात ठरवले, आणि तेही अधिकाऱ्याशी नम्रपणे बोलून, १० दिवस पारखून पाहा असे सुचवून. योसेफाने आपला धनी पोटीफर याच्या बायकोला आधी नकार दिला होता, पण तिने वस्त्र धरले तेव्हा तो बोलत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. आम्ही ढोबळ नियम केला : जिथे बोलायला वेळ आहे तिथे दानीएल, जिथे नाही तिथे योसेफ. फॉर्म ही दानीएलाची जागा. गुरुवारची रात्र योसेफाची.

लीडरला आशिष एकट्याने भेटला, महिना संपायच्या दहा दिवस आधी, म्हणजे त्यालाही विचार करायला वेळ मिळावा. शास्त्रवचन काढायचे नाही असे ठरले होते. त्याने सांगितले की या महिन्यापासून मी खरा आकडा लावणार आहे, मागचे माझे जास्तीचे पैसे परत करणार आहे, तुमच्यापैकी कुणाचे नाव घेणार नाही, पण मला थेट विचारले तर खोटे बोलणार नाही. लीडर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या रात्री मी दवाखान्यात बसलो होतो रे." आशिष म्हणतो की यावरचे उत्तर त्याच्याकडे आजही नाही. तो एवढेच बोलला, "ते मी विसरलेलो नाही, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

पैशाचा हिशेब जुन्या डायरीवरून केला. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात नुकसान पूर्ण भरून द्यावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा असे आहे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट म्हणाला. आम्ही कायद्याचे कलम म्हणून नव्हे, पण दिशा म्हणून पाचवा हिस्सा धरला. आशिषने अकाउंट्सला पत्र दिले आणि रक्कम पगारातून हप्त्यांनी कापून घ्यायला सांगितले.

नव्या मुलाकडे जाणे त्याला सगळ्यांत जड गेले. लीडरसमोर तो चुकलेला कनिष्ठ होता; या मुलासमोर तो दादा होता. "मी तुला शिकवलं ते चोरी आहे. मीही ती केली. तू काय करायचं ते तू ठरव," असे त्याने सांगितले. मुलगा ओशाळून हसला.

गुरुवारी त्याने जाणे बंद केले, पण या वेळी कारण वेगळे सांगितले. "तुम्ही चुकता" असे नव्हे. "मला तिथे थांबता येत नाही, मी घसरतो," असे. यावर टिंगल झाली नाही. दोष त्याने स्वतःकडे घेतला होता, मग टिंगल कशाची करणार?

गाडीतली बाब मात्र आम्ही अर्धवट सोडली. तो एकदा म्हणाला, "आपण हे बंद करू या," दोन आठवडे शांतता पाळली गेली, मग तो दुसऱ्या कुणाबरोबर घरी जाऊ लागला. माझ्या गटाचीच ही मुले. मी त्यांच्याशी बोलायला आणखी चार महिने घेतले, आणि ते माझ्यावर आहे.

शिवाय आठवड्यातून एकदा आम्ही दोघे फोनवर बोलत होतो. तीन ठरलेले प्रश्न : कुणावर हसलास, कुठे खोटा आकडा लिहिलास, आणि हे सांगताना काय लपवलेस. तिसरा प्रश्न आशिषने स्वतः सुचवला. काही आठवड्यांनी तोच प्रश्न त्याने मला विचारायला सुरुवात केली, आणि मला कळले की आतापर्यंत हा फोन एकतर्फी होता.

परिणाम

कंपनीने आशिषला लेखी ताकीद दिली. त्या वर्षी त्याची बढती झाली नाही. कारण हेच होते की नाही, ते कुणी सांगितले नाही. अकाउंट्सने त्यानंतर सगळ्या टीमचे किलोमीटर तपासायला सुरुवात केली, मागचे मात्र उकरले नाही. टीमला जास्तीचे पैसे मिळायचे थांबले, आणि त्याचा राग साहजिकच आशिषवर निघाला. नव्या मुलाने तपासणी सुरू होईपर्यंत वाढीव आकडेच लावले. त्यानंतर त्याने काय ठरवले ते आशिषला माहीत नाही.

कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात आशिष पुन्हा घसरला. प्यायला, आणि जुन्या नकलांपैकी एक करून दाखवली. फरक एवढाच की त्याने रात्री साडेअकराला मला फोन केला, सकाळची वाट पाहिली नाही, आणि ज्याची नक्कल केली होती त्याची दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

खरे किलोमीटर लावणाऱ्या त्या सहकाऱ्याकडे तो आधीच जाऊन आला होता. काकांचे ऐकून मी तुला टाळले, असे त्याने सरळ सांगितले. (मला त्याने दुरुस्त केले ते इथे. मी पहिल्या मसुद्यात "गैरसमज झाला" असे लिहिले होते. तो म्हणाला, "काका, गैरसमज नव्हता. तुम्ही सांगितलं होतं.") दोघे आता पुन्हा एकत्र जेवतात. ग्रुप सोडतानाचा तो लांबलचक मेसेज त्या माणसाने जपून ठेवला आहे, आणि आशिष जरा भाव खाऊ लागला की तो मोठ्याने वाचून दाखवतो.

बहिणीला आशिषने विचारले, आता मी कसा वाटतो? ती म्हणाली, "कमी हसतोस. पण हसतोस तेव्हा बरा वाटतोस."

वेगळे काय करता आले असते

कागद आधी करायला हवा होता, वचन नंतर. मी आधी निदान केले आणि मग रोग्याकडे पाहिले. दवाखान्याच्या त्या रात्रीचाही मी पुष्कळ विचार केला आहे. आशिष लीडरच्या उपकाराखाली आला कारण त्या बाकावर दुसरे कुणी नव्हते. संगत टाळ म्हणणाऱ्या मंडळीने संगत द्यायलाही हवी होती. आता आमच्या गटात रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा याची चार नावे ठरलेली आहेत. आशिषच्या वेळी ती नव्हती.

ग्रुप सोडतानाचा मेसेज मी आधी वाचायला मागायला हवा होता. आणि तक्रारीच्या प्रश्नावर पाळकांचे ऐकले ते बरोबर, पण तो निर्णय आम्ही तारीख न घालता सोडून दिला. तीन महिन्यांनी पुन्हा बसू, एवढे तरी ठरवायला हवे होते. तपासणी आपोआप सुरू झाली म्हणून आम्ही सुटलो. ती झाली नसती तर काय, याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

लीडर अजून कामापुरतेच बोलतो. गेल्या आठवड्यात आशिषने विचारले, "काका, सहा महिने झाले. या गुरुवारी अर्धा तास जाऊ का? प्यायला नाही. त्याच्या शेजारी बसायला." मी लगेच नाही म्हणणार होतो. मग म्हटले, तो कागद घेऊन ये. त्याने आणला, गुरुवारची जुनी नोंद काढली, आणि "त्या आधी दिवस कसा गेला होता" या रकान्यावर बोट ठेवून आम्ही दोघे बसलो. अजून ठरलेले नाही.